अकरावा रकाना

सोमवारी सकाळी साडेनऊला साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि भिंतीवरचा मोठा स्क्रीन चालू केला, तेव्हा वहिनी सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. स्क्रीनवर सगळं हिरवंगार होतं. दोनशे आठ लिफ्ट, दोनशे आठ हिरवे चौकोन, औषधालासुद्धा एक लाल नाही. वर कोपऱ्यात एक फोटो झळकत होता आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘महिन्याचा मानकरी’. फोटो वहिनींच्या नवऱ्याचा होता.

“उस्ताद!” साहेब म्हणाले. “सव्वीसच्या सव्वीस लिफ्ट, प्रत्येकीचे अकराच्या अकरा मुद्दे, एका दिवसाचाही उशीर नाही. होऊ द्या टाळ्या!”

टाळ्या झाल्या. उस्ताद दाराशी उभे होते, त्यांनी मान खाली घालून बुटाच्या टोकाकडे बघितलं. लोकांना तो विनय वाटला. वहिनींनीही टाळ्या वाजवल्या, म्हणजे दोन वाजवल्या. तिसरीला हात वर आलाच नाही.

ही कंपनी लिफ्ट बनवत नाही, सांभाळते. आठ मेकॅनिक, प्रत्येकाकडे सव्वीस लिफ्ट, आणि प्रत्येक लिफ्टची महिन्यातून एकदा तपासणी. वरच्या मोटारीपासून सुरू करायचं, मग ब्रेक, दोर, दरवाजे असं करत खाली यायचं, आणि सगळ्यात शेवटी अकरावा मुद्दा, खड्डा. लिफ्ट तळमजल्यावर येऊन थांबते त्याच्याही खाली छातीइतका खोल चौकोनी खड्डा असतो. वापरणाऱ्याला तो आयुष्यात दिसत नाही आणि दिसू नयेच. मेकॅनिकला मात्र शिडी लावून त्यात उतरावं लागतं.

उस्ताद या सगळ्यात जुने. नुसत्या आवाजावरून कुठल्या मजल्याचं दार घासतंय ते सांगायचे. त्यांची बायको ऑफिसात रिपोर्ट बनवायला लागली ती बारा वर्षांपूर्वी, आणि उस्तादांची बायको म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांची वहिनी झाली ती झालीच. साहेबांचे वडील सत्तरीचे होते, तेही वहिनीच म्हणायचे. मेकॅनिक लोक तेलाने माखलेल्या स्लिपा आणून द्यायचे आणि वहिनी त्या शीटमध्ये भरायच्या. दोनशे आठ ओळी, अकरा रकाने, शेवटी शेरा. सोमवारी सकाळी शीट साहेबांच्या टेबलावर. शीट कसली, वहिनींचं दुसरं घरच होतं ते. त्यात कोण कुठे काय ठेवतं ते त्यांनाच ठाऊक.

आणि त्या घरात एक झाकलेली गोष्ट होती.

दोन वर्षांपूर्वी उस्ताद एका इमारतीच्या खड्ड्यात उतरलेले असताना वरती बंद केलेला मेन स्विच कोणा शहाण्याने चालू केला. लिफ्ट खाली आली. उस्ताद कोपऱ्यात आडवे झाले म्हणून वाचले. लिफ्टचा तळ त्यांच्या नाकापासून एक वीत अंतरावर थांबला, आणि माणसं येऊन ती वर घेईपर्यंत चाळीस मिनिटं ते तसेच पडून होते. अंगावर ओरखडाही नव्हता. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले, सगळ्यांना हसत हसत किस्सा सांगितला, आणि त्या दिवसापासून पुन्हा कधी खड्ड्यात उतरले नाहीत.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. फक्त त्यांच्या स्लिपांवर अकरावा चौकोन रिकामा यायला लागला. दहा खुणा ठसठशीत, अकरावी जागा कोरी. पहिल्या महिन्यात वहिनींना वाटलं विसरले असतील. दुसऱ्या महिन्यात त्यांना कळलं. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या माणसाला अख्खं गाव उस्ताद म्हणतं त्याला बायकोने जेवताना विचारायचं का, की अहो, तुम्हाला भीती वाटते का?

विचारायला हवं होतं. पण माणसं काय वाटेल ते करतील, सरळ विचारणार नाहीत. वहिनींनी त्याऐवजी एक व्यवस्था लावली. रिकामा रकाना राहिला तर साहेबांच्या बेरजेत आकडा कमी पडला असता, म्हणून त्या तिथे खूण भरायच्या आणि तो चौकोन पिवळा रंगवायच्या. पिवळा म्हणजे अजून कोणीतरी उतरायचं आहे. मग शुक्रवारी पिवळ्या चौकोनांची यादी मुंगूसच्या हातात. मुंगूस म्हणजे मेकॅनिकांतला सगळ्यात बारका आणि चपळ गडी, भोक दिसलं की शिरायचं हा त्याचा स्वभाव. तो उस्तादांच्या लिफ्टचे खड्डे तपासून यायचा, वहिनी पिवळा रंग पुसायच्या, आणि मुंगूसला लिहिण्याचा भयंकर कंटाळा म्हणून त्याच्या सगळ्या स्लिपा त्या स्वतः लिहायच्या. मुंगूसने कधी ‘का’ म्हणून विचारलं नाही. उस्तादांनी कधी ‘कोण’ म्हणून विचारलं नाही. दोन वर्षं एकही खड्डा तपासायचा राहिला नाही, आणि तिघांनी मिळून त्यावर एक शब्दही उच्चारला नाही.

मग आला डॅशबोर्ड.

तो बनवायला आलेला माणूस पन्नाशीचा, टकलू, अतिशय सभ्य. प्रत्येक वाक्य “एक विचारू का?” असं सुरू करायचा, म्हणून दोन दिवसांत त्याचं नाव विचारूका पडलं. तीन आठवडे तो वहिनींच्या शेजारी खुर्ची टाकून बसला आणि शीटमधला रकाना न् रकाना त्याने समजून घेतला. त्याला नावं ठेवायला जागा नाही. कामाला वाघ होता. उलट वहिनींनाच पहिल्यांदा कोणीतरी भेटलं होतं, ज्याला त्यांच्या शीटमधलं सौंदर्य कळत होतं.

एके दुपारी त्याने अकराव्या रकान्यावर बोट ठेवलं.

“एक विचारू का, वहिनी? हे मधलेच काही चौकोन पिवळे का आहेत?”

वहिनींनी चटकन वळून बघितलं. मागे साहेब कोणाशी तरी फोनवर बोलत होते. उस्तादांची सगळी अब्रू त्या पिवळ्या रंगाखाली होती, आणि हा भला माणूस ते पांघरूण सहज उचलून बघत होता.

“ते होय,” त्या म्हणाल्या. “माझीच सवय आहे. नजर चुकू नये म्हणून रंगवते.”

“म्हणजे त्याला अर्थ काही नाही?”

“नाही.”

“आणि स्लिपेवर हा रकाना रिकामा असा कधी येतो का? म्हणजे मेकॅनिकने भरलाच नाही असं?”

“छे,” वहिनी म्हणाल्या. “कधीच नाही.”

विचारूकाने वहीत टिपून घेतलं. महिन्याभराने मेकॅनिकांच्या मोबाइलवर फॉर्म आला. स्लिपा बंद, शीट बंद. फॉर्म भरला की लगेच हॉलमधल्या स्क्रीनवर चौकोन हिरवा. वहिनींना तक्रारींच्या फोनवर बसवण्यात आलं.

हे सगळं होऊन दहा आठवडे झाले होते. आणि आज स्क्रीन हिरवागार होता.

टाळ्या संपल्यावर वहिनी जागेवर गेल्या, बसल्या, उठल्या. पाण्याची बाटली भरून आणली, ती आधीच भरलेली होती. पहिले काही आठवडे त्यांनी स्वतःची समजूत घातली होती की मुंगूसला सवयच लागलीय, तो जात असेल. यादी दिली नाही म्हणून काय झालं? पण जो माणूस स्लिप लिहायला कंटाळतो तो यादीशिवाय सव्वीस खड्डे उतरेल? मग त्यांना वाटायचं, उस्ताद स्वतःच उतरायला लागले असतील. भीती काय जन्मभर राहते? मग वाटायचं, राहतेच की. असं त्यांचं मन झोपाळ्यासारखं हेलकावे खात होतं आणि पाय कुठेच टेकत नव्हते.

चहाच्या यंत्रापाशी त्यांनी मुंगूसला गाठलं.

“काय रे, खड्ड्यांचं काय?”

“कुठल्या खड्ड्यांचं?” मुंगूस म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. “हां, ते! वहिनी, मला इतकं बरं वाटलं. मी बायकोला पण म्हटलं, उस्तादांची भीती गेली बघ.”

“कोण म्हणालं गेली?”

“तुमची यादी बंद झाली की. आणि फॉर्मवर खड्डा ‘ठीक’ येतोय त्यांचा. मी म्हटलं, चला, सुटले बिचारे.” वहिनींचा चेहरा बघून तो थांबला. “का? गेली नाही?”

“मला काय माहीत,” वहिनी म्हणाल्या आणि कप तिथेच ठेवून निघाल्या.

म्हणजे मुंगूस जात नव्हता. आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक तर उस्ताद उतरत होते, नाहीतर सव्वीस इमारतींच्या तळाशी दोन महिने कोणीच उतरलेलं नव्हतं. हे जिला कळायला हवं होतं तिच्या हातातली शीट काढून घेतलेली होती, आणि जो स्क्रीन समोर होता त्याला हिरव्याशिवाय काही बोलता येत नव्हतं. स्क्रीनचा तरी काय दोष म्हणा. त्याला जे सांगितलं तेच तो दाखवणार, आणि सांगितलं कोणी होतं?

संध्याकाळी जेवताना सासूबाई मधे बसल्या होत्या. आजूबाजूच्यांनी त्यांना आधीच खबर पोचवली होती.

“फोटो लावला म्हणे तुझा,” त्या लेकाला म्हणाल्या. “कुठला लावला? लग्नातला असेल तर सांग, काढायला लावते. त्यात तू घाबरलेला दिसतोस.”

उस्ताद हसले. वहिनींना हसू आलं नाही. त्यांनी ताटातला घास तीनदा इकडून तिकडे केला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “खड्ड्याचं कसं करताय हल्ली?”

उस्तादांचा हात थांबला. दोन वर्षांत हा शब्द या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला होता.

“होतंय,” ते म्हणाले.

“होतंय म्हणजे?”

“होतंय म्हटलं ना. स्क्रीनवर बघितलंस ना सकाळी? मग?”

“मी तुम्हाला विचारतेय, स्क्रीनला नाही.”

“माझं झालं जेवून,” असं म्हणून उस्ताद उठले. अर्धी पोळी ताटात तशीच होती. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले, आणि वहिनींना पुढे काही बोलायचा धीर झाला नाही. सासूबाईंनी सुनेकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“तू काय ते स्पष्ट विचार त्याला. मी आई आहे, माझ्यासमोर नाही बोलायचा. पण मी बघते ना. दोन वर्षं झाली, सकाळी उठताना तो पाय खाली सोडायच्या आधी जमीन बघतो. आधी नव्हता बघत.”

वहिनींना रडू फुटायचंच बाकी होतं. पण त्यांनी ताटं उचलली, कारण हाताला काहीतरी हवं होतं. स्पष्ट विचारायचं त्यांनी सकाळवर टाकलं, आणि सकाळी त्या उठल्या तेव्हा उस्ताद डबा न घेताच गेले होते.

ऑफिसात पोचल्यावर त्यांना खुर्ची टोचायला लागली. दर पाच मिनिटांनी त्या हॉलच्या दारापर्यंत जात आणि स्क्रीन बघून परत येत. हिरवं. हिरवं. शेजारचा हिशेबनीस शेवटी म्हणाला, “वहिनी, क्रिकेटची मॅच लागलीय का आत?”

साडेअकराला तक्रारीचा फोन वाजला. डोळ्यांच्या दवाखान्याची रिसेप्शनिस्ट होती.

“तक्रार म्हणजे अशी नाही,” ती म्हणाली, “पण लिफ्ट खाली आली की कुबट वास येतो. ओल्या पोत्यासारखा. पेशंट नाक दाबतात.”

वहिनी उभ्या राहिल्या. त्या लिफ्टची ओळ त्यांना तोंडपाठ होती. शेवटच्या रकान्यात त्यांचा स्वतःचा शेरा असायचा, ‘शेजारच्या टाकीचं पाणी झिरपतं, दर महिन्याला गाळ काढणे’. शेऱ्यांचा रकाना डॅशबोर्डमध्ये घेतलेला नव्हता. तो आकड्यांत बसत नव्हता. मुंगूस दर वेळी तिथून बादलीभर गाळ काढायचा.

“लिफ्ट चालू आहे?”

“आत्ता बंद आहे. तुमचे उस्ताद आलेत ना, तपासणी चाललीय.”

“त्यांना फोन द्या.”

“ते खाली आहेत, तिथे रेंज नसते.”

“मग मी येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवा,” वहिनी म्हणाल्या. “कोणालाही चढू देऊ नका.” पण बाईने “हो हो, आलेच, नंबर सात!” असं कोणाला तरी ओरडत फोन ठेवला होता, आणि तिने ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

दवाखाना चालत वीस मिनिटांवर होता. वहिनी बारा मिनिटांत पोचल्या. वाटेत त्यांची चप्पल दोनदा निघाली, एका सायकलवाल्याने त्यांना शिव्या दिल्या आणि त्यांनी सवयीने “सॉरी हं” म्हटलं. डोक्यात एकच गोष्ट होती. लिफ्ट भलत्या वेगाने खाली यायला लागली तर तिला मधेच पकडणारी एक वेगळी दोरी असते. ती ताठ राहावी म्हणून तिला खाली वजन लावलेलं असतं, आणि ते वजन खड्ड्यात लोंबकळत असतं. गाळ चढत चढत त्या वजनाला टेकला की दोरी ढिली पडते, आणि मग पकडणारं कोणी उरत नाही. हे त्यांना उस्तादांनीच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, मोठ्या कौतुकाने, चहाच्या कपाला दोरा बांधून.

तळमजल्यावर एका डोळ्याला पांढऱ्या पट्ट्या लावलेली माणसं बाकांवर ओळीने बसली होती. बोळाच्या टोकाला लिफ्टचं दार सताड उघडं होतं आणि समोर ‘काम चालू आहे’ची पाटी. उस्ताद दारात उभे होते. लिफ्ट वर पाठवलेली, त्यामुळे दारापलीकडे नुसता अंधार. त्यांनी शिडी आत सोडलेली होती. एक हात चौकटीला, एका हातात बॅटरी. त्यांनी उजवा पाय उचलला, शिडीच्या पहिल्या पायरीवर ठेवला. दुसरा पाय उंबऱ्यावरून उचललाच नाही. ते वहिनींना इतक्या लांबून दिसलं. मग त्यांनी पाय परत घेतला.

वहिनींना हाक मारता आली नाही. आपल्या माणसाला असं बघायचं नसतं, आणि त्या बघत होत्या.

उस्तादांनी शिडी वर ओढली, घडी केली, कपाळ पुसलं. खिशातून फोन काढला, दोन पावलं रेंजमध्ये आले, अंगठ्याने एकदा दाबलं. दार लावलं, पाटी उचलली. लिफ्ट खाली आली. दवाखान्यातल्या मावशींनी एका म्हाताऱ्याला हाताला धरून पुढे आणलं, त्याच्या मागे आणखी दोघं.

“थांबा!” वहिनी ओरडल्या. अख्खा बोळ वळून बघायला लागला. “चढू नका! कोणी चढू नका!”

उस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला. “तू इथे काय करतेस?”

“खड्ड्यात कोण उतरलं?”

“हळू बोल.”

“नाही बोलणार हळू. दोन वर्षं हळूच बोलतेय. कोण उतरलं?”

उस्तादांनी इकडेतिकडे बघितलं. “मुंगूस येऊन जाईल की,” ते पुटपुटले. “नेहमीसारखा.”

“मुंगूस दहा आठवड्यांत कुठेच गेलेला नाही! त्याला वाटतंय तुमची भीती गेली.”

उस्तादांनी हातातली पाटी खाली ठेवली. त्यांनी पुन्हा दाराला किल्ली लावली, लिफ्ट वर घेतली, दार उघडलं. आत काळं पाणी होतं आणि वास अंगावर आला. त्यांनी लांब आकडी घेऊन भिंतीलगतची ती दोरी नुसती ओढून बघितली. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ती सैल झुलली, बराच वेळ झुलत राहिली. उस्ताद तिच्याकडे बघत राहिले. मग ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले.

“तुम्ही ‘ठीक’ कसं लिहिलंत?” वहिनींचा आवाज फाटला. “अहो, तुम्ही? तुम्ही कधी खोटं लिहिलं नव्हतं!”

“कागदावर नव्हतं लिहिलं,” उस्ताद म्हणाले. “कागदावर मी रिकामं सोडायचो. तुला दिसावं म्हणून सोडायचो.” त्यांनी फोन वहिनींपुढे धरला. “ह्यात रिकामं सोडून दाखव. सोड ना. पुढे जातच नाही. ‘ठीक’ नाहीतर ‘धोका, लिफ्ट बंद’. तिसरं काही नाहीच. पहिल्या दिवशी अर्धा तास बसलो होतो मी ते घेऊन. मग म्हटलं, ती बघेल. ती नेहमी बघते.”

वहिनी भिंतीला टेकल्या. ‘रिकामा असा कधी येतो का?’ या प्रश्नावर त्यांनी स्वतःच्या तोंडाने ‘कधीच नाही’ सांगितलं होतं. नवऱ्याची अब्रू झाकायला म्हणून त्यांनी ती जागाच बुजवून टाकली होती, जिथे तो दोन वर्षं खरं बोलत होता.

“माझ्यामुळे झालं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. पिवळा रंग, विचारूकाचा प्रश्न, आपलं उत्तर. उस्ताद ऐकत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

“आता?” ते म्हणाले.

“आता लाल करा.”

“ही करतो. बाकीच्या पंचवीस?”

“सगळ्या.”

“अगं, पंचवीस इमारतींतली माणसं जिने चढतील. साहेब मला उभा जाळतील. नोकरी जाईल.”

“जाईल,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. “कदाचित दोघांची जाईल. करा.”

उस्तादांनी केलं. एकेका इमारतीचं नाव काढून, फॉर्म उघडून, दुसरं बटण दाबून. मधेच एकदा अंगठा थांबला तेव्हा वहिनींनी पुढच्या इमारतीचं नाव सांगितलं. त्यांना सगळी ओळीने पाठ होती. मधेच आपल्या फोनवरून त्यांनी मुंगूसला बोलावून घेतलं. तो म्हणाला, “पोचतो अर्ध्या तासात, वहिनी, एवढंच सांगा, ते बरे आहेत ना?”

सतरावी लिफ्ट लाल झाली आणि वहिनींचा फोन वाजला. साहेब होते.

“वहिनी, कुठे आहात? अहो, स्क्रीनला काय रोग झालाय? उस्तादांच्या लिफ्ट धडाधड लाल होतायत. विचारूका म्हणतोय सिस्टीम हॅक झाली.”

“सिस्टीम चांगली आहे, साहेब. लाल खरं आहे. ह्यांच्या लिफ्टचे खड्डे दहा आठवडे कोणी बघितलेले नाहीत, आणि ते मी लपवलं. विचारूकांना मी खोटं सांगितलं होतं. त्यांची काही चूक नाही.”

पलीकडे मागून कोणीतरी “अठरा,” असं म्हणाल्याचं ऐकू आलं.

“आधी सगळी माणसं त्या लिफ्टवर पाठवतो,” साहेब म्हणाले. आवाज अनोळखी होता. “उद्या दहा वाजता तुम्ही दोघं माझ्यासमोर पाहिजेत.” फोन बंद झाला. तोपर्यंत उस्तादांनी सव्विसावी लिफ्ट लाल केली होती.

वर तिसऱ्या मजल्यावर गोंधळ सुरू झाला होता. लिफ्ट बंद म्हटल्यावर ऑपरेशन झालेली माणसं जिन्याने उतरत होती आणि मावशी कमी पडत होत्या. एक आजीबाई जिन्याच्या मधल्या चौकात कठड्याला धरून अडून बसल्या होत्या. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने आधीपासूनच कमी दिसत होतं. मुलगा औषधं आणायला गेलेला. उस्ताद वर गेले, त्यांना आपला हात दिला. वहिनींनी आजींची पिशवी घेतली आणि त्या दोन पायऱ्या पुढे झाल्या.

“लिफ्टला काय झालं रे?” आजींनी विचारलं.

“खालचा खड्डा तपासायचा राहिलाय.”

“मग तपास की. तूच ना तो लिफ्टवाला?”

उस्ताद थांबले. वहिनीही थांबल्या, पण त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

“मला खाली उतरायची भीती वाटते, आजी,” उस्ताद म्हणाले. “दोन वर्षं झाली. दुसरा माणूस येतोय.”

आजींना त्यात फार नवल वाटलेलं दिसलं नाही.

“मला आत्ता पुढची पायरी दिसत नाहीये,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी उस्तादांचा दंड आणखी घट्ट धरला. “तू असं कर, मोठ्याने मोज.”

उस्तादांनी एकपासून सुरुवात केली. वहिनी पुढे होत्या. चौथ्या पायरीपासून त्याही त्यांच्याबरोबर मोजायला लागल्या.